अकरा वाजताचे डॉक्टर

माझं बोलणं आजवर कुणी ऐकलेलं नाही. माझ्यातून बोलणाऱ्यांचं सगळे ऐकायचे, पण ती माणसं वेगळी आणि मी वेगळा. आज मात्र मी स्वतः बोलतोय. मी बत्तीस इंचांचा एक जुना टीव्ही आहे, आणि आयुष्यातली नऊ वर्षं मी एकाच खोलीकडे तोंड करून काढली आहेत.

त्या खोलीत आठ खुर्च्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीशेजारी एक यंत्र. ज्यांच्या किडन्यांनी काम सोडून दिलं होतं, अशी माणसं तिथे यायची. हातात दोन जाड सुया खुपसल्या जायच्या. एका नळीतून रक्त बाहेर जायचं, यंत्रात धुतलं जायचं, दुसऱ्या नळीतून परत यायचं. चार तास. आठवड्यातून तीन वेळा. याला डायलिसिस म्हणतात, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. हे कधी संपत नाही, हे कळायला जरा वेळ लागला.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. दुकान आठवतं. तिथे भिंतीवर आम्ही बारा टीव्ही एकच चित्र दाखवत उभे होतो, निळ्या पाण्यातले मासे. एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांनी माशांकडे पाहिलंही नाही, हा द्या म्हणाले आणि मी खोक्यात गेलो. त्यांची बायको दोन वर्षं त्या खोलीत येत होती. समोर नुसती भिंत आहे, बघायला काही नाही, एवढीच तिची तक्रार असायची. ती गेली आणि मग त्यांनी मला त्या भिंतीवर लावायला दिलं. माझ्या कडेला तिच्या नावाची पट्टी चिकटवली होती. साफसफाईच्या मावशी रोज फिनेलच्या फडक्याने मला पुसायच्या. वर्षभरात पट्टीवरची अक्षरं पुसली गेली. त्यामुळे तिचं नाव मलाही सांगता येत नाही.

लोक माझ्याकडे बघायचे, पण त्यात जीव नसायचा. एक हात यंत्राला बांधलेला, उठायची सोय नाही, मान वळवली तर शेजारी दुसऱ्याचं रक्त फिरताना दिसणार. मग नजर ठेवायची कुठे? माझ्यावर. दिवसभर बातम्या लावलेल्या असायच्या, आवाज बंद. खाली पट्टीवर अक्षरं सरकायची आणि आठ जोडी डोळे त्यांच्याबरोबर उजवीकडून डावीकडे सरकायचे. कोण कुठे निवडून आलं, कुठे पूल पडला, कुणाला काही पडलेलं नसायचं. मी दिवा असतो तरी चाललं असतं.

सोमवार, बुधवार आणि शुक्रवार सकाळी चौथ्या खुर्चीवर एक बाई यायच्या. पन्नाशीच्या. घरी शिवणकाम करायच्या, म्हणून सगळे त्यांना टेलरताई म्हणायचे. नवरा लवकर गेलेला, एक मुलगी, तेवीस-चोवीस वर्षांची, चष्म्याच्या दुकानात कामाला. ती आईला दारापर्यंत सोडायची. आत यायची नातेवाइकांना परवानगी नव्हती, जंतूंचं कारण होतं. दाराच्या काचेतून ती क्षणभर आत बघायची आणि मग घड्याळ बघत कामाला पळायची. काचेतून तिला माझी फक्त कड दिसायची, पडदा नाही.

पाचव्या खुर्चीवर कंडक्टरकाका. बसमध्ये पस्तीस वर्षं तिकिटं फाडली आणि निवृत्त होऊन तीन महिने होत नाहीत तोच इथे येऊन बसले. बायको नाही, मूलबाळ नाही. बसमध्ये दिवसभर माणसांत राहिलेला माणूस. इथल्या शांततेने त्यांचा जीव घुसमटायचा. एका सकाळी त्यांनी मोठ्या सिस्टरांकडे रिमोट मागितला. मोठ्या सिस्टर म्हणजे त्या खोलीच्या सर्वेसर्वा. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण दिला. काकांना सामना बघायचा होता. चष्मा घसरलेला, एकच हात मोकळा, त्यात तो डावा. बटणं भलतीच दाबली गेली आणि मी भलत्याच वाहिनीवर जाऊन थांबलो. आवाजही सुरू झाला.

तिथे एक मालिका चालू होती. डोंगरावरचं एक छोटं इस्पितळ. त्यात एक तरुण डॉक्टर, हुशार, पण सुई बघितली की त्याला घेरी यायची. एक करडी मेट्रन, जिने चादरींच्या कपाटात कोंबडी पाळली होती. आणि एक म्हातारा रोगी, ज्याला काहीच झालेलं नव्हतं, पण तिथली गादी मऊ म्हणून तो दर आठवड्याला नवा आजार घेऊन यायचा. त्या दिवशी डॉक्टर इंजेक्शन द्यायला गेला आणि स्वतःच आडवा झाला. रोग्याने उठून त्याला पाणी पाजलं. तेवढ्यात कपाटातून कोंबडी बाहेर आली.

टेलरताई हसल्या. आधी नुसतं नाकातून, मग तोंडावर मोकळा हात ठेवून, मग तोही काढून. हसण्याने सुयांचा हात हलला आणि त्यांचं यंत्र कोकलायला लागलं. मोठ्या सिस्टर धावत आल्या, नळी सरळ केली, ओरडायला तोंड उघडलं आणि त्यांची नजर माझ्याकडे गेली. डॉक्टर खिडकीसमोर एक्स-रे धरून गंभीरपणे मान हलवत होता.

"उलटा धरलाय," सिस्टर म्हणाल्या. आणि पाच मिनिटं तिथेच उभ्या राहिल्या.

मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. त्या मालिकेने कुणी बरं झालं नाही. पण सोमवार, बुधवार, शुक्रवार अकरा वाजता त्या खोलीत माणसं राहायला लागली. एरवी तिथे नुसती शरीरं असायची. काका पावणेअकरालाच रिमोट हातात घेऊन बसायचे. "चला, पुढे सरका, गाडी सुटतेय," अशी आरोळी द्यायचे. पहिल्या खुर्चीवरचे आजोबा, ज्यांचा आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता, ते मेट्रन पडद्यावर आली की म्हणायचे, ही माझ्या बायकोची सख्खी बहीण शोभेल. मग एका बुधवारी ते आजोबा आले नाहीत. शुक्रवारी त्यांच्या खुर्चीवर दुसरे कुणी होते. कुणी काही विचारलं नाही. तिथे विचारायची पद्धतच नव्हती. अकरा वाजता मी डॉक्टर दाखवायला लागलो आणि सगळे हसले. त्या हसण्याची मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

मालिकेतले रोगी शेवटी बरे होऊन घरी जायचे. चाळीस मिनिटांत. दारात उभं राहून हात हलवायचे.

खरे डॉक्टर सकाळी दहाला यायचे. भला माणूस, पण एका खुर्चीपाशी दोनच मिनिटं थांबू शकायचा. एक दिवस ते टेलरताईंपाशी जास्त वेळ थांबले. मुलीच्या तपासण्या पूर्ण झाल्या होत्या आणि तिची किडनी आईला जुळत होती. मुलगी केव्हापासून मागे लागली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता ठरवा. तुमचं हृदय थकत चाललंय, आणखी सहा-आठ महिन्यांनी मी ऑपरेशनला हो म्हणू शकणार नाही. टेलरताईंनी मान डोलावली. डॉक्टर पुढच्या खुर्चीकडे गेले.

"मला कुणी देत असतं ना, तर मी दोन्ही हात पुढे केले असते," काका हळूच म्हणाले.

टेलरताई माझ्याकडे बघत होत्या, पण मी दाखवत होतो ते बघत नव्हत्या. "मी जन्मभर कापड कापलं, काका," त्या म्हणाल्या. "कात्री कुठे लावायची आणि कुठे नाही, एवढं मला कळतं."

काकांनी नजर वळवून रिमोट हातात घेतला.

त्या सुमारासच मला एक गोष्ट समजली. मालिका चालू असताना टेलरताईंचं बीपी कधी कधी खाली जायचं आणि त्यांना ग्लानी यायची. जाग आली की त्या काकांना विचारायच्या, मधे काय झालं? काकाही रंगवून सांगायचे. काकांना आधी वाटलं, नुसतीच आवड आहे. मग एकदा त्यांनी विचारलं की एवढं खोदून खोदून कशाला विचारता?

तेव्हा ताईंनी सांगितलं. संध्याकाळी मुलगी दुकानातून येते आणि पहिला प्रश्न करते, आज काय झालं? काय सांगणार तिला? दोनदा सुई चुकली, पायात गोळे आले, शेजारची खुर्ची रिकामी झाली, हे? ते ऐकून तिचा घास अडकतो. म्हणून मी तिला हे सांगते, असं म्हणून त्यांनी हनुवटीने माझ्याकडे खूण केली. आमच्याकडे एक डॉक्टर आहेत, सुईला घाबरतात. मोठ्या सिस्टरांनी कपाटात कोंबडी ठेवलीय. ती इतकी हसते की ताटावरून उठायचं विसरते. तिला सगळं खरंच वाटतं. आत येऊन कुठे बघितलंय तिने?

काका मनापासून हसले. त्यात मलाही घाला म्हणाले. टेलरताई म्हणाल्या, घातलंय की. तो गादीसाठी येणारा म्हातारा तुम्हीच.

आता सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला अभिमान वाटला होता. ज्या घरात मी कधी गेलो नव्हतो, त्या घरात संध्याकाळी माझ्यातली माणसं पोचत होती.

दोन-तीन महिने असेच गेले. एका शुक्रवारी भाग संपला आणि टेलरताई डोळे मिटून पुटपुटायला लागल्या. संध्याकाळचं पाठ करत होत्या. काका कान देऊन ऐकत होते. कोंबडीने अंडं घातलं, मेट्रनने ते लपवलं, इथपर्यंत बरोबर होतं. मग त्या म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाले, मुलीची किडनी घ्यायची घाई नको. बाहेरून किडनी मिळायच्या यादीत तुमचं नाव वर आलंय. वर्षभर आरामात थांबू."

काकांनी मान वळवली. "ताई, हे मालिकेत नव्हतं."

"नव्हतं," त्या म्हणाल्या. "ते मी घातलं."

काकांनी रिमोट उचलून माझा आवाज वाढवला. जाहिरात चालू होती, साबणाची. ती मी मोठ्यांदा ओरडून दाखवली. मला दुसरं काय येतं?

त्यानंतर दर शुक्रवारी तो डॉक्टर काही ना काही म्हणायचा. कधी यादीतलं नाव आणखी वर गेलेलं असायचं. कधी तुमची तब्येत इतकी छान आहे की मला बघून हेवा वाटतो, असं तो म्हणायचा. दाराच्या काचेतून दिसणाऱ्या मुलीचा चेहरा खरंच निवळला होता. ती आता घड्याळ न बघता हात हलवून जायची. ते बघून काका खाली मान घालायचे.

खऱ्या डॉक्टरांनी पुन्हा दोनदा विचारलं. टेलरताई दोन्ही वेळा म्हणाल्या की मुलीशी बोलते. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. कागदावर काहीतरी लिहिलं आणि नेहमीसारखे दोन मिनिटांत पुढे गेले. सहा-आठ महिने संपले होते.

शुक्रवार ते सोमवार हे अंतर त्या माणसांना सगळ्यात जड जातं. मधे दोन दिवस यंत्र नसतं, अंगात पाणी साठतं, हृदयावर भार येतो. टेलरताई एका रविवारी दुपारी गेल्या. घरी शिवणयंत्रावर ब्लाउज अर्धा शिवलेला होता म्हणे. सोमवारी मोठ्या सिस्टरांनी चौथी खुर्ची पुसली, पुसलेलीच पुन्हा पुसली, आणि तिच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. अकरा वाजले. काकांनी रिमोट उचलला नाही. दुसऱ्या कुणीतरी उचलला आणि मला चालू केलं. डॉक्टर आला, घेरी येऊन पडला. नवीन माणसं हसली.

तीन आठवड्यांनी, एका बुधवारी साडेदहाला मुलगी आली. आता तिला कुणी अडवलं नाही. पायांवर प्लास्टिकचे मोजे चढवून ती आत आली आणि पहिल्यांदाच तिने ती खोली आतून पाहिली. आठ यंत्रं पाहिली. नळ्यांमधलं लाल पाहिलं. तिचा चेहरा असा झाला की जणू चुकीच्या दारातून आत आली होती.

तिने सिस्टरांना विचारलं की सुईला घाबरणारे डॉक्टर कुठे भेटतील. तिला भांडायचं नव्हतं. तिला फक्त एक विचारायचं होतं. वर्षभर थांबायला हरकत नाही, असं ते कशावरून म्हणाले होते?

मोठ्या सिस्टरांना वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्या तिला खांद्याला धरून बाहेर नेऊ लागल्या. तेव्हा काका बोलले. "तिला इकडे पाठवा, सिस्टर. तिचं काम माझ्याकडे आहे."

काकांना उठता येत नव्हतं, हात बांधलेला होता. ती त्यांच्या खुर्चीपाशी उभी राहिली. त्यांनी सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. कोंबडी सांगितली, मेट्रन सांगितली, म्हातारा सांगितला. खरे डॉक्टर काय म्हणाले होते आणि कधी म्हणाले होते तेही सांगितलं. सांगताना त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि ती माझ्याकडे बघायला लागली. इतक्या वर्षांत माझ्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंत? मी रोज त्या दाराशी उभी असायचे."

काकांना खोटं बोलता आलं असतं. तुझ्या आईने शपथ घातली होती असं म्हणाले असते, तर तिला पटलं असतं. पण ते म्हणाले, "मला ती अकराची वेळ आवडायची, पोरी. तुला सांगितलं असतं तर ताईंनी माझ्याशी बोलणं टाकलं असतं. माझ्याकडे तेवढंच होतं."

काकांचे डोळे वाहत होते आणि चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला होता. मोकळ्या हाताने त्यांना तो धड वर सारता येईना. मुलीने तो काढून घेतला. बघितला. दांडी वाकली होती. पिशवीतून छोटा पेचकस काढून तिने स्क्रू आवळला, दांडी बोटांनी सरळ केली, काचा ओढणीने पुसल्या आणि चष्मा परत त्यांच्या नाकावर बसवला. दुकानात येणाऱ्या कुठल्याही माणसासाठी तिने एवढं केलंच असतं. माफी वगैरे त्यात काही नव्हती. मी नीट बघत होतो.

तोवर अकरा वाजले आणि मालिका सुरू झाली. मला बंद करावं हे कुणाला सुचलं नाही. मी स्वतः बंद होऊ शकत असतो, तर त्या दिवशी झालो असतो. ती उभ्यानेच बघत राहिली. मेट्रन येऊन गेली. गादीवाला म्हातारा येऊन गेला. मग पांढरा कोट घातलेला तो तरुण दारातून आत आला आणि ट्रेमधली सुई बघून भिंतीला टेकला.

"हेच का?" तिने विचारलं.

काकांनी मान डोलावली.

"आई सांगायची त्यापेक्षा बुटके आहेत," ती म्हणाली. आणि भाग संपेपर्यंत तिथून हलली नाही. हसली एकदाही नाही. शेवटी रोगी बरा होऊन दारात हात हलवत उभा राहिला, तेव्हा तिने पायातले प्लास्टिकचे मोजे काढले, त्यांची नीट घडी घालून सिस्टरांच्या हातात दिली आणि निघून गेली.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. काका आणखी अकरा महिने आले. रिमोट त्यांनी पुन्हा मागितला नाही. एका सोमवारी पाचव्या खुर्चीवर वेगळाच माणूस होता. मालिका मधेच कधीतरी संपली आणि तिच्या जागी घरं सजवायचा कार्यक्रम लागायला लागला. माझ्या पडद्यावर आधी एक उभी रेघ आली, मग तिच्या शेजारी दुसरी. मग एके दिवशी मला उतरवलं आणि मोठा, पातळ टीव्ही माझ्या जागी लावला. आता मी सामानाच्या खोलीत आहे, भिंतीकडे तोंड करून. मागे मोडकी चाकाची खुर्ची आणि चादरींचे गठ्ठे. वायर माझ्याभोवती गुंडाळून बांधलीय. भंगारवाला कधी येतो एवढीच वाट आहे, आणि तो आला तर माझी काही तक्रार नाही.

मी दोषी आहे का, हा प्रश्न मी स्वतःला खूप विचारला. मी काही शिकवलं नाही, काही लपवलं नाही. जे वरून आलं ते दाखवलं. चार तास बांधलेल्या माणसांना चाळीस मिनिटं हसवलं. पण टेलरताईंनी त्या हसण्याचा बंद दारासारखा वापर केला, मुलीला बाहेर ठेवण्यासाठी. त्यांच्या जागी कुणीही आई असती तरी कदाचित तिने तेच केलं असतं. म्हणून मला राग येत नाही. नुसतं वाईट वाटतं, आणि ते कमी होत नाही.

तुमचं कुणी अशा खोलीत जात असेल, तर माझं एवढं ऐका. संध्याकाळी ते घरी येऊन काय सांगतात त्यावर जाऊ नका, गोष्ट कितीही गोड असो. परवानगी मागा, भांडा, पायांवर प्लास्टिक चढवा, पण एकदा आत जाऊन या. त्यांच्या खुर्चीशेजारी उभे राहा आणि ते जिकडे बघतात तिकडे थोडा वेळ तुम्हीही बघा. ते जिवंत असताना बघा.